श्रीनगर–लेह–मनाली बाइकवर: खिंडी, नाले, पेट्रोल आणि कामाच्या काही गोष्टी

ज्यांना लेहला स्वतःची बाइक घेऊन जायचंय त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहून ठेवतेय. आम्ही तिघं होतो, मी, दादा आणि त्याचा मित्र, दोघांच्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन आणि माझी क्लासिक 350. बाइक रेल्वे पार्सलने जम्मूपर्यंत, तिथून श्रीनगर–कारगिल–लेह, मग नुब्रा खोरं करून परत लेह आणि शेवटी सरचू–जिस्पामार्गे मनाली. जुलैमध्ये गेलो कारण तिघांच्या सुट्ट्या तेव्हाच जुळल्या, पण तुमच्या हातात असेल तर ऑगस्ट संपताना किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला जा, तेव्हा बर्फ वितळून झालेला असतो त्यामुळे रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांना पाणी कमी असतं आणि पाऊसही ओसरायला लागलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. श्रीनगरकडून चढा आणि मनालीकडे उतरा. बरेच जण उलटं करतात कारण मनालीला पोचणं सोपं वाटतं, पण जरा उंचीचा हिशोब बघा. मनाली साधारण 6,700 फूट, दुसऱ्या रात्री जिस्पा साडेदहा हजार आणि तिसऱ्या रात्री सरचू थेट 14,000 फुटांवर, म्हणजे शरीराला सवय व्हायच्या आत तुम्ही एवढ्या उंचीवर झोपताय आणि तिथून आजारी माणसाला खाली आणायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंना खिंडी. श्रीनगरकडून सोनमर्ग 9,000, कारगिल त्याहून थोडं खालीच, लामायुरू आणि लेह साडेअकरा हजाराच्या आसपास. दिवसा वर चढताय पण रात्री झोपताय बेताच्या उंचीवर, हेच हवं असतं. प्लॅन करताना आज किती किलोमीटर यापेक्षा आज रात्री किती फुटांवर झोपणार हे आधी लिहा, बाकीचं त्याभोवती बसवा.

बाइक पार्सल करताना टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, आरसी आणि आयडीची झेरॉक्स लागते, आरसे काढून बॅगेत ठेवा आणि पॅकिंग होताना तिथे उभं राहून लिव्हर आणि हेडलाइटवर नीट गोणपाट लागलंय ना बघा. बाइक तुमच्याच रेल्वेने येईल असं धरू नका, एखाद-दोन दिवस मोकळे ठेवा. जम्मू–श्रीनगर रस्त्यावर आता चेनानी–नाशरी आणि बनिहाल–काझीगुंड असे मोठे बोगदे झालेत त्यामुळे वेळ खूप वाचतो, फक्त रामबनच्या पट्ट्यात पावसात दरडी येतात, तिथे रेंगाळू नका. अमरनाथ यात्रेच्या दिवसांत या रस्त्यावर आणि पुढे बालटालपर्यंत ताफ्यांच्या वेळा असतात, ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

झोजी ला (ला म्हणजे खिंड). उंची 11,575 फूट, म्हणजे पुढच्या खिंडींपुढे काहीच नाही, पण मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात जास्त लक्ष मागणारा तुकडा हाच. वितळलेलं बर्फाचं पाणी रस्त्यावर येऊन खाली नुसता चिखल, त्यात ट्रकच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला खाली बालटालचे तंबू ठिपक्यांसारखे दिसतात. ट्रॅफिक कधी कधी एकाच दिशेने सोडतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी सोनमर्गला चौकशी करून पहाटेच निघायचं. ट्रकच्या अगदी मागे चिकटायचं नाही, तो चढावर थांबला तर तुम्हालाही चिखलात थांबावं लागतं आणि तिथून परत उचलताना मागचं चाक नुसतं फिरत राहतं. समोरून मोठी गाडी आली आणि थांबायची वेळ आली तर नेहमी डोंगराच्या अंगाला थांबा, दरीकडची कड वरून पक्की दिसली तरी खालून पोखरलेली असू शकते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम सगळीकडे पाळा आणि आर्मीचा कन्व्हॉय आला तर सरळ बाजूला घेऊन पाणी प्यायला थांबा, ओव्हरटेकच्या भानगडीत पडू नका. हा सगळा त्रास कमी व्हावा म्हणून झोजी लाखालून बोगद्याचं काम चालू आहे, अलीकडचा सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी 2025 मध्ये सुरूही झाला.

खिंड ओलांडली की हिरवाई एकदम संपते आणि द्रासचा उघडा मुलूख सुरू होतो. द्रासच्या युद्धस्मारकाला निदान तासभर द्या. समोर तोलोलिंग उभा दिसतो, आपण खाली रस्त्यावरून मान वर करून बघतो तेव्हा 1999 मध्ये वर बसलेल्या शत्रूच्या समोरून आपली पोरं चढली म्हणजे काय केलं ते कळतं. दादा भिंतीवरची नावं एकेक करून वाचत होता, आम्ही कोणीच त्याला चल म्हणालो नाही.

कारगिल ते लेह रस्ता सुंदर आहे, नमिका ला आणि मग फोटू ला, 13,478 फूट, श्रीनगर–लेह रस्त्यावरची ही सगळ्यात उंच खिंड पण डांबर चांगलं त्यामुळे कधी आली कळत नाही. लामायुरूला मुक्काम केलात तर संध्याकाळच्या उन्हात तिथली पिवळी माती बघायला मिळते, शिवाय लेहच्या उंचीची सवय एक रात्र आधीच सुरू होते. निम्मूला सिंधू आणि झंस्कारचा संगम रस्त्यावरूनच दिसतो, दोन नद्यांच्या पाण्याचे रंग वेगळे दिसतात.

लेहला पोचल्यावर दोन रात्री काही करू नका, खरंच काही नाही. दादाचा मित्र आमच्यातला सगळ्यात फिट, रोज पळणारा, आणि पहिल्याच संध्याकाळी डोकं धरून बसला, जेवण नको, मळमळ. फिटनेसचा आणि उंचीच्या या त्रासाचा संबंध नाही, कोणालाही होतं. आम्ही दुसऱ्या दिवशीचा नुब्राचा बेत पुढे ढकलला, त्याला पाणी, सूप, झोप, आणि तिसऱ्या सकाळी गडी स्वतःहून चेनला तेल घालत होता. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत असेल तर आहे त्या उंचीवर थांबायचं, बरं वाटेपर्यंत वर जायचंच नाही. बसल्या जागी धाप लागतेय, सारखा खोकला येतोय, चालताना तोल जातोय किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, तर वाट न बघता खाली उतरवायचं, रात्र असली तरी. लेहला असाल तर थेट एसएनएम हॉस्पिटल. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर हे नक्की सांगा. आणि दारू नको, निदान वरच्या मुक्कामांना तरी अजिबात नको.

भाड्याची बाइक घेणाऱ्यांसाठी: मनालीहून किंवा श्रीनगरहून भाड्याने घेतलेली बाइक लेहपर्यंत चालते पण तिथून नुब्रा किंवा पँगाँगला नेऊ देत नाहीत, त्यासाठी लेहची भाड्याची बाइक घ्यावी लागते. वाटेत अडवून परत पाठवतात, वाद घालून उपयोग नाही, बजेटमध्येच धरा. स्वतःच्या नावावरच्या बाइकला अडचण नाही, फक्त आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि लायसन्स वरच्या खिशात ठेवा. सिम पोस्टपेड लागतं, बाहेरचं प्रीपेड चालेल या भरवशावर जाऊ नका.

नुब्राला जाताना खारदुंग ला. वरच्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असायचं पण मोजलेली उंची 17,582 फूट आहे, आणि तीही भरपूर झाली, एवढ्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. फोटो काढा, चहा प्या, वीसेक मिनिटांत उतरायला लागा. खिंडीच्या अलीकडचं साउथ पुल्लू ते पलीकडचं नॉर्थ पुल्लू हा तुकडा खराब असतो आणि सकाळी लवकर सावलीतल्या वळणांवर पाण्याचा पातळ काळा बर्फ झालेला असतो, डांबर ओलं दिसतं पण तो बर्फ असतो. म्हणून खारदुंग लाला फार पहाटे जाऊ नका, ऊन रस्त्यावर आलं की निघा. मनालीच्या रस्त्यावर याच्या बरोबर उलट, ते पुढे सांगते.

बाइक पण धापा टाकते. हजार मीटर चढलो की ताकद साधारण दहा टक्क्यांनी कमी होते, त्यामुळे खाली तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी इथे दुसऱ्यावर, कधी पहिल्यावर. हाफ क्लचवर चढवत राहिलात तर क्लच प्लेट जळणार, गिअर खाली घ्या आणि हळू चढा. कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर हवा कमी पडून पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो, लेहला मेकॅनिककडून मिक्श्चर सेट करून घ्या, फ्युएल इंजेक्शनवाल्यांना ही काळजी नाही. उतारावर ब्रेक दाबून ठेवू नका, ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं.

आता पेट्रोल. मनालीच्या बाजूच्या टांडी गावात तो प्रसिद्ध बोर्ड आहे, लेहकडे जाताना पुढचा पंप 365 किलोमीटरवर. उलट्या दिशेने येतानाही हेच, लेहला किंवा कारूला टाकी गळ्यापर्यंत भरा आणि त्यानंतर टांडीपर्यंत पंप नाही असं समजूनच चला. माझ्या गाडीची टाकी 13 लिटर, सपाटीला तिशीच्या पुढे ॲव्हरेज देणारी गाडी चढावर आणि खराब रस्त्यावर पंचवीसच्या खाली येते, गुणाकार करून बघा, पुरत नाही. पाच लिटरचा चांगला जेरीकॅन न्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या नकोत, त्या सामान बांधायच्या बंजी दोरीखाली घासून गळतात. कॅन काठोकाठ भरू नका आणि उंचीवर झाकण एकदम उघडू नका, आतला दाब फुस्स करून बाहेर येतो आणि पेट्रोल हातावर उडतं. वाफ जाऊ द्या मग ओता, इंजिन थंड असताना.

लेहहून उपशी, मग तांगलांग ला, 17,480 फूट. उतरलं की मोरे प्लेन्स, दोन्ही बाजूला डोंगर आणि मध्ये सरळच्या सरळ रस्ता, थ्रॉटल आपोआप पिळला जातो पण मध्येच वाळू आणि रस्त्यात खोलगट दबलेले पट्टे येतात, शिवाय आडवा वारा गाडी ढकलतो. पांगला तंबूंचे ढाबे, राजमा-भात, मॅगी, आणि गरम पाणी मागितलं की मिळतं. बायकांसाठी सांगते, लेह ते सरचू पट्ट्यात टॉयलेटची सोय फक्त अशा वस्तीच्या ठिकाणीच मिळते, तीही जुजबी, त्यामुळे पांगला थांबाच, टिश्यू आणि सॅनिटायझर वरच्या बॅगेत ठेवा, आणि त्या भीतीने पाणी कमी पिऊ नका, उंचीवर ते फार महागात पडतं. पाळीची तारीख पुढेमागे होऊ शकते, सामान जास्तीचं न्या.

पांगनंतर लाचुंग ला, व्हिस्की नाला, नकी ला आणि मग गाटा लूप्स, 21 वळणं, आपण उतरत असल्यामुळे सोपी जातात पण ट्रकवाल्यांचे शॉर्टकट दिसतात त्यावर जाऊ नका, ती नुसती भुसभुशीत घसरण आहे. सरचूला मुक्काम केला, आमची तोवर सवय झाली होती म्हणून झोप लागली. वारा प्रचंड, तंबूच्या आतही थर्मल, कानटोपी, मोजे सगळं घालून झोपलो.

सरचूहून मात्र उजाडताच निघा. बारालाचा ला, 16,040 फूट, त्याच्या दोन्ही अंगांना नाले आहेत आणि ते सगळे बर्फाच्या पाण्याचे. रात्री गोठतं म्हणून सकाळी पाणी कमी, ऊन चढलं की दुपारी तोच नाला दुप्पट-तिप्पट. बारालाचाच्या अलीकडचा एक नाला आम्हाला लागला तेव्हा पाणी नडगीच्या मध्यापर्यंत होतं. दादा आधी गाडी लावून चालत गेला, काठीने तळ बघितला, कुठे गोल मोठे दगड आहेत, कुठे बारीक खडी आहे ते हाताने खुणा करून दाखवलं. सरळ मधून रस्ता दिसत होता पण खडी वरच्या अंगाला होती, प्रवाहाच्या वर. पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, क्लचला दोन बोटं, नजर समोरच्या काठावर. मध्यावर पुढचं चाक एका दगडावरून डावीकडे सरकलं, मी पाय न टेकता थ्रॉटल तसाच धरला आणि गाडी स्वतःच सरळ झाली. पाण्यात थ्रॉटल सोडायचा नाही, चाकाकडे बघायचं नाही, एका वेळी एकच गाडी आणि आधी पार झालेल्याने पलीकडे मदतीला उभं राहायचं. गाडी पाण्यात बंद पडून आडवी झाली तर लगेच सेल्फ मारू नका, एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात, पाणी गेलं असेल तर इंजिनची वाट लागते, बाहेर काढून फिल्टर आणि प्लग बघा मग. पार झाल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा. बूट भिजणारच, म्हणून गमबूट किंवा मोज्यांवर प्लास्टिकच्या जाड पिशव्या, आणि सुके मोजे हाताशी.

वर सूरज ताल बघा, भागा नदी इथून निघते, तीच पुढे टांडीला चंद्रेला मिळते आणि तिची चिनाब होते. जिंगजिंगबार, दारचा, जिस्पा असं उतरत गेलं की झाडं दिसायला लागतात. टांडीला पेट्रोल भरा. मग सिस्सू आणि 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा, ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झालेला, आत थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही. बोगद्याच्या पलीकडे हवामान पूर्ण वेगळं असतं, अलीकडे लाहौलला कडक ऊन आणि पलीकडे मनालीच्या बाजूला धो धो पाऊस, रेनकोट आत शिरायच्या आधीच चढवा.

स्पेअर्समध्ये क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल, दोन्ही चाकांच्या ट्यूब, टायर लिव्हर, पंप, प्लग, फ्यूज, चेन लिंक, झिप टाय आणि एम-सील एवढं पुरतं, पण घरी एकदा स्वतः चाक खोलून ट्यूब बदलून बघा, सोळा हजार फुटांवर पहिल्यांदा शिकायला दम उरत नाही. केबल नवीन लावून जुनीच सोबत नेली तर आणखी चांगलं, ती आधीच त्या गाडीला बसलेली असते. परत आल्यावर एअर फिल्टर, ऑइल, ब्रेक पॅड आणि व्हील बेअरिंग बघून घ्या, नाल्यातलं पाणी बेअरिंगमध्ये राहतं आणि आवाज यायला महिनाभरही लागू शकतो.