आमची वाटचाल : अ‍ॅम्स्टरडॅम वगळून

अ‍ॅम्स्टरडॅम सोडून नेदरलँड्समधल्या छोट्या गावांच्या सहली काढायच्या, हा आमचा धंदा. तो सुरू झाला मुलांकडे तीन महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांमुळे. अ‍ॅमस्टलफेन, आइंडहोवन, फेल्डहोवन इकडे आता मराठी घरं भरपूर आहेत. एप्रिल उजाडला की पुण्या-नाशिकहून पालक येऊ लागतात. शेंगेन व्हिसावर 90 दिवस राहता येतं. त्यातल्या पहिल्या पंधरवड्यात क्यूकेनहॉफचे ट्यूलिप, झान्स स्खान्सच्या पवनचक्क्या, खीटहोर्नची बोट आणि पॅरिस हे सगळं उरकतं. मग मुलगा-सून कामाला, आणि बाबा बाल्कनीत बसून सायकली मोजतात.

मी आमर्सफोर्टला राहते. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले, त्याआधी पुण्यात एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं आणि व्हिसाचं काम बघत होते. ओळखीतल्या एका काका-काकूंना सहज म्हणून गाडीत घालून झुटफेनला नेलं. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि माझा फोन वाजायला लागला. शेजारी राहणाऱ्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई मला म्हणाल्या, तू रस्ता सांभाळ, मी गोष्टी सांगते. आज त्या निम्म्या भागीदार आहेत. त्यांना मराठी येत नाही, पण ‘चला, चला’ आणि ‘चहा?’ एवढ्यावर त्या अख्खा ग्रुप हाकतात.

झुटफेनने आम्हाला बरंच शिकवलं. आयसेल नदीकाठी डेव्हेंटर, झुटफेन, झ्वोले, काम्पेन ही एकेकाळची श्रीमंत व्यापारी गावं, हान्से या मध्ययुगीन व्यापारी शहरांच्या संघातली. पुढे व्यापार पश्चिमेला सरकला आणि ही गावं मागे पडली. मागे पडली म्हणूनच बरीचशी जुनी घरं शाबूत राहिली. झुटफेनच्या वालबुर्गिस चर्चला लागून एक वाचनालय आहे, 1560 च्या दशकात बांधलेलं. पुस्तकं आजही लोखंडी साखळीने मेजाला बांधलेली आहेत. चोरीची भीती होती म्हणून. खाली फरशीवर कुत्र्याच्या पंजाचे ठसे आहेत. उपवासाच्या दिवसांत चोरून कोंबडी खाणाऱ्या एका साधूला सैतानाने इथे कोंडलं आणि हे ठसे त्या सैतानाचेच, अशी दंतकथा. ओल्या मातीच्या फरशा वाळत घातल्या असताना कुठलं तरी कुत्रं त्यावरून गेलं असणार, हे कुणालाही कळतं. पण बाईंनी ही गोष्ट सांगितली की आमच्या एकादशीवाल्या काकू हमखास नवऱ्याकडे बघतात.

सुरुवातीला आम्ही फक्त एका दिवसाच्या फेऱ्या काढायचो. 2020 च्या मार्चमध्ये सगळं ठप्प झालं. घेतलेले अ‍ॅडव्हान्स परत केले, गाडी विकली. त्या उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले तसे इथले लोक देशातल्या देशात फिरायला लागले, आणि आम्ही दोघीही ट्रेनने निघालो. जाऊ त्या गावात मुक्काम करायचा, असं ठरवून. तेव्हा लक्षात आलं की ही गावं संध्याकाळी पाचनंतर बघण्यासारखी होतात. दिवसाचे पाहुणे गेलेले असतात, नदीवर ऊन लांबत जातं, जूनमध्ये तर रात्री दहापर्यंत उजेड. एका दिवसाची फेरी विकणं तिथेच थांबवलं. आता एका गावात किमान तीन रात्री, एका वेळी जास्तीत जास्त सहा पाहुणे.

‘लक्झरी’ हा शब्द आम्ही पत्रकावर छापला तेव्हा ओळखीतल्या एका टूरवाल्याने विचारलं, ‘पंचतारांकित कुठाय तुमच्याकडे?’ डेव्हेंटरमध्ये आमचे पाहुणे उतरतात ते जुन्या व्यापाऱ्याच्या घरात. खोल्या मोजक्या, छताला ओक लाकडाच्या तुळया, न्याहारीला मालकीण स्वतः ब्रेड भाजते. पण आमच्या लेखी चैन म्हणजे लिफ्ट. हसू नका. डच जिना एकदा चढून बघा. जुनी घरं अरुंद, त्यामुळे जिने जवळजवळ शिडीसारखे उभे, पायरीवर अर्धंच पाऊल मावतं. सत्तरीच्या गुडघ्यांना रेशमी चादरींपेक्षा तळमजल्यावरची खोली मोलाची. कुठल्याही हॉटेलला आमचा पहिला प्रश्न पायऱ्या किती हाच असतो, आणि उत्तर आलं तरी आम्ही स्वतः जाऊन मोजतो.

दुसरा प्रश्न सामानाचा. या गावांच्या जुन्या भागात गाड्यांना बंदी असते, रस्त्यात जमिनीतून वर येणारे खांब असतात, टॅक्सी वेशीवरच सोडते. हमाल हा प्रकार इथे नाहीच. म्हणून पुढे मोठी पेटी लावलेली मालवाहू सायकल आम्ही ठरवून ठेवतो. बॅगा सायकलवर, पाहुणे रमतगमत मागून.

जेवणाबद्दल तर मी पुस्तक लिहू शकेन. इथे सहाला जेवायला बसतात. छोट्या गावात साडेआठ-नऊला स्वयंपाकघर बंद. सोमवारी बरीच दुकानं नि हॉटेलं उघडतच नाहीत. हे आधी सांगून ठेवलं नाही तर पाहुणे नऊ वाजता तयार होऊन खाली येतात. शाकाहारी मिळतं, पण चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असू शकतं, ते दुकानदाराला विचारूनच घ्यावं लागतं. जिरं घातलेलं लायडनचं चीज आणि लवंग घातलेलं उत्तरेकडच्या फ्रिझिया प्रांताचं चीज, ही दोन्ही आमच्या लोकांना एकदम आपली वाटतात. लवंग ही तर मसाल्याच्या जहाजांची देणगी. नाइमेखनला दोन मिशेलिन ताऱ्यांचं एक रेस्टॉरंट सगळं जेवण वनस्पतींपासूनच करतं. तिथे महिनो‌न्‌महिने आधी टेबल धरावं लागतं. एका काकांनी सातव्या बशीनंतर मला हळूच विचारलं, ‘भात शेवटी येतो का?’

फ्रानेकर आम्ही कार्यक्रमात घातलं ते माझ्या हट्टाने. फ्रिझियातलं छोटंसं गाव, अ‍ॅम्स्टरडॅमहून तासा-दीड तासाचा रस्ता. 1774 च्या मे महिन्यात चंद्र आणि चार ग्रह आकाशात जवळ येणार होते. आता पृथ्वी कक्षेतून सुटून सूर्यात जाऊन पडणार, अशी हूल उठली आणि लोक घाबरले. लोकर पिंजण्याचा धंदा करणाऱ्या आइसे आइसिंगाने ठरवलं की ग्रह कसे फिरतात ते लोकांना दाखवूनच द्यायचं. त्याने स्वतःच्या बैठकीच्या खोलीच्या छतात सूर्यमाला बसवली. माळ्यावर लाकडी चाकं, दात्यांच्या जागी हजारो लोखंडी खिळे, चालवायला लंबकाचं घड्याळ. 1781 मध्ये काम पुरं झालं. प्रमाण एक मिलिमीटरला दहा लाख किलोमीटर. बुध 88 दिवसांत फेरी मारतो, शनीला 29 वर्षांहून जास्त लागतात, आणि हे सगळं अजून चालू आहे. युरेनस छतावर नाही, कारण तो त्याच वर्षी सापडला आणि खोलीत जागा उरली नव्हती. 2023 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं.

आमच्या पंचाहत्तरीच्या पाहुण्यांना ही गोष्ट फार समजावावी लागत नाही. 1962 ची अष्टग्रही त्यांनी लहानपणी पाहिलेली आहे. यज्ञ, जप, जग बुडणार म्हणून घरात साठवलेलं धान्य! एक आजी छताकडे बघत म्हणाल्या, ‘आमच्या वाड्यात असा एक लोकरवाला हवा होता.’ बाईंना मी भाषांतर करून सांगितलं, तर आता त्या प्रत्येक ग्रुपला अष्टग्रहीसुद्धा सांगतात.

एन्कहाउझनला जातो तेव्हा कोकणातले पाहुणे भाव खाऊन जातात. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक या गावात होती आणि तिचं मसाल्याचं कोठार, पेपरहाउस, आज संग्रहालयाचा भाग आहे. याच कंपनीने 1637 मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. वेंगुर्ल्याच्या एका गुरुजींनी कोठाराच्या भिंतीवर हात टेकवून म्हटलं, ‘तुमची वखार सारवून-बिरवून ठेवलीत, आमची मात्र वडाच्या मुळांना दिलीत.’ बाई खजील झाल्या. त्यांचा त्यात काय दोष, पण झाल्या.

पैशांचंही सांगते. गर्दीच्या जागी एखादं दुकान, एखादं चीजचं शेतघर, हिऱ्यांची शोरूम, जिथे बस थांबवाल तिथे कमिशन मिळतं. आम्ही ते घेत नाही. आखणीची फी वेगळी आणि उघड सांगतो, बाकी बिलं जशीच्या तशी दाखवतो. त्यामुळे पहिला आकडा ऐकून पुष्कळ जण मागे फिरतात, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पॅकेज विकायचं तर युरोपीय नियमाप्रमाणे ग्राहकाचा पैसा बुडणार नाही याची हमी घ्यावी लागते. आमच्याएवढ्या फर्मला तो खर्च टोचतो, पण 2020 नंतर तो टाळावा असं मला कधी वाटलं नाही.

दर मात्र वाढलेत. अ‍ॅम्स्टरडॅमने 2024 पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर लावला, तेव्हा लोक आमच्या गावांकडे वळतील म्हणून आम्ही मनातून खूष होतो. पण 2026 च्या जानेवारीपासून देशभर मुक्कामावरचा व्हॅट 9 वरून 21 टक्के झाला आणि ती खुशी उतरली. छोट्या घरमालकांनी भाडी चढवली. आम्ही रात्री कमी केल्या नाहीत, आमचा वाटा कमी केला.

पुढचा नंबर समुद्रकाठच्या झेलँड प्रांताचा, तिथली गावं मिडलबर्ख आणि फेरे. समुद्राचा वारा, शिंपले, आणि जर्मनांची गर्दी सोडली तर ऑक्टोबरमध्ये शुकशुकाट. मिडलबर्खमध्ये कालव्याकाठी एक घर मनात भरलंय, फक्त जिना उभाच्या उभा. मालकिणीला म्हटलं, खुर्ची-लिफ्ट बसवू, निम्मा खर्च आमचा. ती म्हणते, इमारत संरक्षित वारसा आहे, खिळा ठोकायचा तरी परवानगी लागेल. अर्ज गेलाय.