चढावर उसळणारं बीपी आणि बीटचा रस

मुकुंदराजांच्या समाधीकडे जाताना उतार लागतो, येताना चढ. अंबाजोगाईच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. मागच्या श्रावणात तो चढ चढताना माझ्या कानशिलात ठणके बसायला लागले, डोकं जड झालं आणि मी कडेच्या दगडावर बसून घेतलं. घरी आल्यावर बीपी बघितलं तर १३६/८४. टेल्मिसार्टन ४० ही बीपीची गोळी सात वर्षांपासून चालू आहे, एक दिवस चुकवलेली नाही. मग हे काय झालं?

डॉक्टरांनी टीएमटी सांगितली, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून बीपी आणि ईसीजी बघायची तपासणी. पट्टा पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटरने चालतो, चढ १० टक्के. मग दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. दुसऱ्या टप्प्यात, ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के चढ असताना, माझं वरचं बीपी २०८ झालं आणि त्यांनी पट्टा थांबवला. व्यायाम करताना बायकांचं वरचं बीपी १९० च्या आणि पुरुषांचं २१० च्या पुढं गेलं, तर ते प्रमाणाबाहेर धरतात. ईसीजी चांगला निघाला. “मॅडम, हृदयाला धोका दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण तुमचं बीपी बसल्या जागी शांत असतं अन् चढावर उसळतं.”

इतकी वर्षं मी बीपी फक्त खुर्चीत बसून मोजलं होतं. चालताना ते किती होतं, हा प्रश्नच कधी मनात आला नव्हता.

त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. चालताना वरचं बीपी सगळ्यांचंच वाढतं, वाढायलाच पाहिजे, कारण हृदय जास्त रक्त ढकलत असतं. त्याच वेळी पायांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणून दाब आवाक्यात राहतो. त्यांना रुंद व्हायचा निरोप देण्यात नायट्रिक ऑक्साइड या वायूचा मोठा हात असतो. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी. बीपीच्या माणसांत हा वायू कमी पडतो. वाहिन्या हव्या तेवढ्या सैल होत नाहीत आणि कष्ट पडले की दाब चढतो.

बीटचा विषय मी काढला. बीटमध्ये नायट्रेट भरपूर असतं आणि शरीर त्यापासूनही नायट्रिक ऑक्साइड बनवतं, असं वाचलं होतं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ६८ बीपीच्या रुग्णांवर प्रयोग केला होता. निम्म्यांना चार आठवडे रोज २५० मिली बीटचा रस दिला, बाकीच्यांना नायट्रेट काढून टाकलेला. खऱ्या रसवाल्यांचं दवाखान्यात मोजलेलं वरचं बीपी सात-आठ अंकांनी उतरलं. अर्थात हे आरामातलं बीपी. माझं दुखणं चढावरचं होतं.

डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं नाही. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला) आणि पोटॅशियम तपासून घेतलं, कारण टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं आणि बीटमध्येही ते बरंच असतं. मुतखडा झाला होता का, तेही विचारलं. बीटमधलं ऑक्झलेट खडेवाल्यांना चालत नाही. माझे दीर छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात, तीही नायट्रेटचीच गोळी. म्हणून दिरांनी माझं बघून बीट सुरू करू नये, असंही बजावलं. रिपोर्ट चांगले आल्यावर म्हणाले, “घ्या. पण गोळी आहे तशीच चालू ठेवायची अन् रोजचं बीपी लिहून ठेवायचं.”

दोन मध्यम बीट, थोडं पाणी, मिक्सर, गाळणी. साखर नाही, मीठ तर नाहीच. रस प्यायल्यावर दोन-तीन तासांनी नायट्रेटपासून बनणारं नायट्राइट रक्तात सगळ्यात जास्त होतं, म्हणून दुपारी साडेतीनला घ्यायचे आणि साडेपाचला चालायला निघायचे. मंडईतली भाजीवाली चौथ्या दिवशी म्हणाली, “बाई, रोज बीटच कामून नेता? घरी कुणाला रक्त कमी हाय का?”

रस सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी लघवी लालसर झाली होती आणि मी हादरले. मुलगी नांदेडला असते, तिला फोन लावला. ती म्हणाली, “आई, काल बीट प्यालीस ना? त्याचाच रंग आहे तो.” हे आधी माहीत असतं तर तो एक तास इतका वाईट गेला नसता. म्हणून इथं लिहिते आहे.

मोजायची रीत आधी सुधारून घेतली. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत, अर्धा तास आधीपासून चहा नाही. दोनदा मोजून सरासरी लिहायची. पूर्वी एका ठिकाणी दोन जिने चढून गेल्या गेल्या, बोलता बोलता माझं बीपी घेतलं होतं आणि त्या आकड्यावर मी महिनाभर काळजी केली होती. श्रमाचं मोजायला ओट्याची पायरी वापरली. तीन मिनिटं चढउतार आणि बसल्याबरोबर मशीन, कारण थांबल्यावर दाब भराभर उतरतो. “याला टीएमटी समजू नका,” डॉक्टर म्हणाले, “पण स्वतःशीच ताडून बघायला उपयोगी पडेल.”

पहिले दोन आठवडे वहीत काहीच फरक नाही. आरामात १३८, पायरीनंतर १८६, १८४, १८८. मी रस सोडायच्या बेतात होते.

तेव्हा हिरड्यांचे उपचार चालू होते आणि दातांच्या डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाने दिवसातून दोनदा चूळ भरायला सांगितली होती. एका रात्री वाचताना मी एका वाक्याशी थांबले. पोटात गेलेलं नायट्रेट रक्तात जातं, त्यातलं जवळपास पाव लाळेत परत येतं आणि जिभेवरचे जंतू त्याचं नायट्राइट करतात. तेच गिळल्यावर पुढं नायट्रिक ऑक्साइड बनतं. हे जंतू मेले तर साखळी तिथंच तुटते. आणि मी सकाळ-संध्याकाळ त्यांनाच मारत होते! रात्री अकरा वाजता उठून मी ती बाटली हातात घेऊन बघत बसले.

चूळ मी आपल्या मनाने बंद केली नाही. विचारलं, तर कोर्स दोन दिवसांत संपणारच होता. नंतरच्या तीन आठवड्यांत आरामातलं बीपी १३१-१३२ च्या आसपास आलं आणि पायरीनंतरचं १७० ते १७४. चूळ थांबल्यानेच हे झालं असं एका माणसाच्या वहीवरून सिद्ध होत नाही, पण मला त्याची खात्री वाटते.

पालेभाज्यांकडेही नव्याने बघायला शिकले. पालक, तांदुळजा, मुळा, कोथिंबीर, सगळ्यांत नायट्रेट आहे. आमच्याकडे पालक उकडून पाणी पिळून टाकायची सवय. नायट्रेट पाण्यात विरघळतं, ते त्या पाण्याबरोबर मोरीत जात होतं. आता तांदुळजा लसूण घालून थेट परतते. ठेच्यातलं मीठ निम्म्यावर आणलं. सासूबाईंना ते अजून रुचलेलं नाही.

एका ओळखीच्या बाईंनी माझं ऐकून गोळीच बंद केली. आठ दिवसांत त्यांचं बीपी १९० वर गेलं. मी गोळी एकही दिवस सोडली नव्हती, हे मी त्यांना पहिल्याच वाक्यात सांगायला हवं होतं.

तीन महिन्यांनी पुन्हा टीएमटी झाली. त्याच दुसऱ्या टप्प्यात १८२. डॉक्टर म्हणाले, यात रोजच्या चालण्याचा वाटा मोठा आहे, मीठ कमी केल्याचाही आहे, बीटचा किती ते वेगळं काढता येणार नाही. मला ते पटलं. रस आता आठवड्यातून चार दिवस घेते, पोटॅशियमची तपासणी सहा महिन्यांनी आहे. काल मुकुंदराजांचा चढ न थांबता चढले. वर पोचल्यावर धाप होती, ठणके नव्हते.