संघ हरला, मुंबई हरली, पुणे हरले

क्रीडावृत्ते मराठीत आणण्याचे काम मी बरीच वर्षे केले. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडच्या कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांवर संपला, त्या दिवशी माझ्यापुढे आलेल्या मजकुरात ‘भारत ३६ धावांत बाद झाले’ असे वाक्य होते. लिहिणारा मुलगा निष्काळजी मुळीच नव्हता. समोरच्या इंग्रजी बातमीत ब्रिटिश रिवाजाप्रमाणे देशाच्या नावाला अनेकवचनी क्रियापद जोडलेले होते, कारण तिथे देशाचे नाव म्हणजे मैदानावरचे अकरा जण. तेच त्याने मराठीत उतरवले होते. मी ‘झाले’चे ‘झाला’ केले, तरी समाधान होईना. बाद गडी होतो, देश होत नाही. शिवाय मोहम्मद शमी जखमी होऊन परतल्यामुळे बाद नऊच जण झाले होते. अखेर ‘भारताचा डाव ३६ धावांत आटोपला’ असे छापले. ‘डाव’ हा शब्द अशा वेळी किती कामाला येतो, ते तेव्हा नीट उमगले.

मराठीत हा प्रश्न नुसत्या वचनाचा नाही, लिंगाचाही आहे. संघ हरला, विदर्भ हरला, मुंबई हरली, पुणे हरले. यातले शेवटचे ‘हरले’ नपुंसकलिंगी एकवचन आहे, पण त्याचे रूप पुल्लिंगी अनेकवचनासारखेच दिसते आणि घाईत वाचणाऱ्याला पुण्याचे खेळाडू हरले असेच वाटते. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मात्र ‘-ने’ आपली सुटका करतो. मार्च २०२४ च्या रणजी अंतिम सामन्याबद्दल ‘मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवले’ किंवा ‘मुंबईने ४२ वे विजेतेपद मिळवले’ असे लिहिताना मुंबईचे लिंग आणि वचन क्रियापदापर्यंत पोहोचतच नाही. खरी कसोटी लागते ती ‘हरणे’, ‘पोहोचणे’, ‘कोसळणे’ अशा क्रियापदांशी.

‘मुंबई इंडियन्स’ किंवा ‘वेस्ट इंडीज’ यांसारख्या, मुळातच इंग्रजी अनेकवचन असलेल्या नावांचे काय करावे, यावर मी पुष्कळ वाद ऐकले आहेत. माझ्या मते निवाडा त्याच प्रत्ययात आहे. अनेकवचनाला मराठीत ‘-नी’ लागतो: खेळाडूंनी, गोलंदाजांनी. आपण मात्र ‘मुंबई इंडियन्सने’, ‘वेस्ट इंडीजने’ असे लिहितो. ‘इंडियन्सनी’ क्वचितच कोणी लिहीत असेल. म्हणजे आपल्या कानाने हे नाव केव्हाच एकवचनी ठरवले आहे. मग पुढच्याच वाक्यात ‘मुंबई इंडियन्स हरले’ कशाला? ‘हरली’ हेच सुसंगत आहे. वेस्ट इंडीजबाबत लिंगाचा आधार सापडत नाही, तेव्हा संघाचा आधार घ्यावा: २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजचा संघ १४० धावांत गारद झाला.

सर्वनामाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘मुंबईने नाणेफेक जिंकली आणि त्यांनी प्रथम फलंदाजी घेतली’ हे वाक्य मला निर्दोष वाटते, कारण इथे ‘तिने’ लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे संघाऐवजी शहर उभे राहील. क्रियापद नावाच्या रूपाकडे पाहते, सर्वनाम माणसांकडे. बोलतानाही आपण हेच करतो. वाक्य ‘दुरुस्त’ करण्याच्या भरात हे ‘त्यांनी’ कोणी खोडू नये.

कबड्डीने तर आपल्याला अस्सल समूहवाचक नावच दिले आहे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पुणेरी पलटण हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५ अशी जिंकली. ‘जिंकली’बद्दल कोणाला शंका येत नाही, पण बातम्यांत ‘पलटणने’ दिसते तेव्हा वाईट वाटते. पलटण हा शब्द मराठीत पुरता मुरलेला आहे. त्याचे सामान्यरूप ‘पलटणी’ होते, म्हणून ‘पलटणीने’च लिहावे.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हाही हाच पेच होता. ‘भारतीय महिला संघ विश्वविजेता ठरला’ हे व्याकरणाने चोख आहे, कारण संघ पुल्लिंगीच राहणार. तरीही ज्यांनी तो सामना जिंकला त्या या वाक्यात कुठे दिसत नाहीत. म्हणून बातमीच्या पहिल्या ओळीत मी लिहीन: ‘भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि त्या विश्वविजेत्या ठरल्या.’ संघ दुसऱ्या ओळीत येईल.