हशा दोनदा येतो

इंदूरमधली बधिर माणसं आणि त्यांची सांकेतिक भाषा शिकणारे आम्ही, अशा आमच्या संमेलनाला दर वर्षी तारीखच नडते. पहिलं झालं २३ सप्टेंबर २०१८ ला. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला सांकेतिक भाषांचा आंतरराष्ट्रीय दिवस त्या वर्षी पहिल्यांदाच साजरा व्हायचा होता, त्यात रविवार, म्हणून आम्ही खूश. पंचांग कोणी उघडलंच नाही. निघाली अनंत चतुर्दशी! ज्यांनी इंदूर पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मिलांच्या झांक्या, म्हणजे कापडगिरण्यांचे सजवलेले देखावे, निघाल्या की रस्ते बंद, आणि आमचा उसना हॉल जेल रोडला लागून. ऐंशी जणांचे पोहे भिजवले होते, आले एकवीस. हॉल ज्या मंडळाचा, त्यांच्या कार्यकारिणीतले दोघेच. बाकीच्यांची नावं मला आजही पाठ आहेत, पण जाऊ दे.

एक मात्र मजा झाली. झांकीपुढचे ढोल खिडकीखाली आले तशी आमच्या दुभाषी मुलीचा आवाज पार बुडाला. ऐकू येणारे आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. व्यासपीठावरचं भाषण मात्र एका क्षणासाठीही थांबलं नाही, कारण ते हातांनी चाललं होतं. माझा धाकटा भाऊ तर गॅलरीत उभा राहून खाली गर्दीत अडकलेल्या दोस्ताशी निवांत गप्पा मारत होता. दोस्त म्हणत होता, रस्ता ओलांडू देत नाहीत, माझे पोहे झाकून ठेव, जीरावन (पोह्यांवरचा मसाला) वेगळं ठेव.

इथेच एक खुलासा करते. आमच्यात माणसाचं नाव हाताने घेतात. प्रत्येकाची एक खूण असते, आणि ती स्वतःची स्वतः ठेवायची नसते, बधिर माणसांनी द्यावी लागते. भावाची खूण भुवईवरचा व्रण. माझी, नाकावरून घसरलेला चष्मा वर सरकवणं. ती मिळायला मला दोन वर्षं लागली. या लेखात सगळ्यांना त्यांच्या खुणेनेच हाक मारते. आमच्यातल्यांना कळेल कोण ते, आणि कोणाचं नाव छापायचं राहिलं म्हणून रुसवाही नको.

आमचा साइनचा, म्हणजे सांकेतिक भाषेचा, वर्ग सुरू कसा झाला, ते सांगायला थोडी लाज वाटते. २०१५ मध्ये गीता, लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेली बधिर मुलगी, तिथून परत आली आणि इंदूरला राहिली. पेपरात रोज तिचं काहीतरी असायचं. शेजारणी मला विचारायला लागल्या, ‘काय गं, ती काय म्हणते ते तुझ्या भावाला कळत असेल ना?’ त्याला कळत असेलही. पण पन्नास वर्षं एका घरात काढून त्याचं स्वतःचंच मला अर्धं कळत नव्हतं. जेव, ये, झोप, पैसे, डोकं दुखतंय, एवढ्या घरगुती खुणांवर आमचा संसार चालला होता. छापखान्यात तो दिवसभर काय करतो, दोस्तांशी तास तास काय बोलतो, कधी विचारलं नाही, कारण विचारायला भाषाच नव्हती. मग त्यालाच गुरुजी केलं. दर रविवारी सकाळी आठ-दहा जण, बहुतेक बायका.

गुरुजी कडक निघाले. इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी काढतात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर म्हणजे डाव्या हाताची अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची पाच टोकं. कणीक मळता मळता आम्ही बोटांची टोकं मोजायचो. वाक्याचा क्रम मराठी माणसाला जड जात नाही. ‘तुझं नाव काय’ मधला ‘काय’ शेवटी येतो, ‘चहा नको’ मधला ‘नको’ शेवटी, तसंच साइनमध्येही. जड जातो तो चेहरा. भुवया वर गेल्या नाहीत तर ‘जेवलास का’ याचा प्रश्नच होत नाही, ‘जेवलास’ एवढंच उरतं. आणि आम्हा सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं काय, तर तोंड वेडंवाकडं करू नकोस! पहिले सहा महिने आम्ही वरणभातासारखे चेहरे घेऊन बोलायचो आणि भाऊ कपाळाला हात लावायचा.

संमेलनातले उपचार सगळीकडे असतात तसेच. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन (ते मीच करते आणि लांबवते, मान्य). एका वर्षीचे पाहुणे मात्र लक्षात राहिले. त्यांचं भाषण संपल्यावर आमच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, आमच्या टाळ्या त्याच. पाहुण्यांना वाटलं निरोप देताहेत. त्यांनीही हात हलवला आणि थेट जिना उतरून गाडीत जाऊन बसले. नारळ राहिला. आणखी एका वर्षी लाइटवाल्या मुलाने हौसेने नाटुकल्याच्या आधी हॉल काळोखा केला. दिवे विझले की आमच्याकडे तोंडंच बंद होतात, हे त्याला कोण सांगणार! तेव्हापासून तो आमच्यातलाच झाला. मध्यंतर संपलं की दिव्यांची उघडझाप करून लोकांना जागेवर बोलावण्याचं काम त्याचं. २०२० चं संमेलन मोबाइलवर झालं, त्याबद्दल न बोललेलं बरं. नेट अडकलं की हात हवेतच गोठायचे.

मी वर्षभर वाट बघते ती ‘घरची गोष्ट’ची. अखेरची पंधरा मिनिटं. कोणीतरी एक बधिर माणूस उभा राहतो आणि आपल्या घरातलं काहीतरी सांगतो. आमची दुभाषी ‘डूल’ कोपऱ्यात माइक धरून त्याचा आवाज होते. तिचे आईवडील दोघंही बधिर, त्यामुळे साइन ती बोलण्याआधी शिकली; अर्धं मराठीत अर्धं हिंदीत, जसं येईल तसं सांगते. पण हात पुढे असतात आणि आवाज दोन पावलं मागे. म्हणून आमच्याकडे हशा दोनदा येतो. आधी डावीकडचे बधिर हसतात, मग क्षणभराने उजवीकडच्या खुर्च्या. माझी वर्गातली प्रगती मी त्यावरून मोजते. २०१८ मध्ये मी दुसऱ्या हशात होते. आताशा कधीकधी पहिल्यात असते, आणि शेजारची ‘नथ’ माझ्याकडे असूयेने बघते.

गेल्या वर्षी, २०२५ ला, रविवार आला २१ सप्टेंबरचा. सर्वपित्री अमावास्या. पुन्हा तारीख! ‘पितृपक्षात कुठे संमेलन?’ म्हणून किती जणांनी तोंड फिरवलं. जे आले ते पानं आटोपून, दुपारी चारनंतर, पण डब्यातून वडे आणि खीर घेऊन आले हे खरं. त्या दिवशी गोष्ट सांगायला भाऊ उभा राहिला. सात वर्षं तो नाहीच म्हणत होता.

आमचं जुनं घर, रात्रीची पंगत. खांदा जरा डावीकडे वळवला आणि तो बाबा झाला, चष्म्यावरून बघणारा. उजवीकडे वळला आणि आई झाली, आमटीत डाव ढवळणारी. मग पदरात हात लपवणारी आई. त्याच्या शाळेत खुणांना बंदी होती. आरशासमोर बसायचं, ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, ती हलली म्हणजे ‘प’ आला. हात हलले तर छडी. घरीही खुणा करू नका, नाहीतर बोलायला शिकणार नाही, असं आईला बजावलेलं. हा कायदा त्या बिचाऱ्या मास्तरांनी केलेला नव्हता. १८८० मध्ये मिलानला शिक्षकांची परिषद भरली होती, जवळजवळ सगळे ऐकू येणारे, त्यांनी ठरवलं की शिकवायचं ते बोलूनच. ते चुकलं, असं २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने म्हटलं. तोवर माझा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता आणि आई गेलेली होती.

तर पंगत. बाबा काहीतरी म्हणतात. सगळे हसतात. एक मुलगा एकेकाच्या तोंडाकडे बघतो, ताईच्या दंडाला हात लावतो. काय? ताई हसू आवरत सांगते, मग सांगते. साइनमध्ये पुढचा काळ अंगाच्या पुढे असतो आणि गेलेला खांद्याच्या मागे. त्याने ‘मग’साठी हात वीतभर पुढे नेला. दिवाळीचा फराळ, काय? हात आणखी वीतभर पुढे. ताईच्या लग्नाची पंगत, काय? आणखी पुढे. शेवटी हात पुरता लांबला, आणि तो आपल्याच बोटांच्या टोकांकडे बघत उभा राहिला.

डावीकडून हशा आला. मोठा. त्यातल्या प्रत्येकाने ती पंगत जेवलेली होती. डूल तेव्हा कुठे दिवाळीपर्यंत पोचली होती. ती पुढचं बोलली, आणि उजवीकडून काहीच आलं नाही. मला खिरीत साखर बघायला उठायचं होतं. मी उठले नाही. ताई म्हणजे मीच की.

आता आभार, आणि यात कोणी राहिलं तर मला झोप लागत नाही. हॉलची किल्ली देणारे ‘टोपी’काका, सतरंज्या आणि खुर्च्या आठही वर्षं फुकट देणारे मंडपवाले दादा, पोह्यांचं सगळं बघणाऱ्या ‘नथ’ आणि तिच्या जाऊबाई ‘कुंकू’, बधिर आजींना सुदामानगरहून स्कूटरवर आणणारा आणि परत सोडणारा ‘खळी’, फोटो काढणारा मुलगा, डूल, आणि पहिल्या रांगेत बसून लेकीच्या चुका तिथल्या तिथे दाखवणारे तिचे आईबाबा, लाइटवाला मुलगा. पाणी भरणाऱ्या मावशी राहिल्या होत्या, त्यांची खूण अजून ठरायची आहे. देणगीदारांची यादी अहवालात आहे. येतो म्हणून न आलेल्यांची माझ्या डायरीत आहे.

त्या रात्री घरी उरलेली खीर वाटीत घेऊन भाऊ ओट्याशी उभा राहिला. माझ्या दंडाला हात लावला. तुझ्या लग्नात कशाला हसला होतात? चाळीस वर्षं होऊन गेली, मला आठवायला वेळ लागला. काकांनी घास भरवताना उखाण्यात काकूंच्या जागी सासूबाईंचं नाव घेतलं होतं. आता हे साइनमध्ये सांगायचं कसं? काकूंची खूण नव्हती, सासूबाईंची तर नव्हतीच. त्यानेच तिथल्या तिथे ठरवल्या, काकू म्हणजे तपकिरीची चिमूट, सासूबाई म्हणजे वर उचललेली हनुवटी. मी चिमूट धरायला गेले आणि हनुवटी उचलली. तो खीर सांडेपर्यंत हसला. मग वाटी खाली ठेवली, हात पुसले आणि विचारलं, ‘आणि दिवाळीला?’