आमची वाटचाल : भिंतीत गेलेली वायर

१९९४ साली सांगलीच्या गावभागात दहा बाय बाराच्या गाळ्यात दुकान टाकलं, तेव्हा वायरिंगच्या ठेकेदारीचा परवाना अण्णांचा होता आणि सायकल माझी. अण्णा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. नफ्यात निम्मी भागी, पण शब्द त्यांचा शेवटचा.

पहिलं मोठं काम डॉक्टरांच्या वाड्याचं. सागवानी पट्टीवर जुनी रबरी वायर होती. क्लिप उचकटली की रबर वाळक्या भाकरीसारखं बोटांत चुरायचं. स्वस्त पडते म्हणून तेव्हा बरेच जण ॲल्युमिनियमची वायर ओढत. अण्णा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबतं, तापून-निवून सैल होतं, वर ऑक्साइडचा थर चढतो. दर दिवाळीला बोर्ड उघडून स्क्रू आवळत बसणार का?" डॉक्टरांनी तांब्याला होकार दिला. लायटिंगला दीड, पॉवरला अडीच, गिझरला चार एमएम, म्हणजे चौरस मिलिमीटर. वाड्याच्या वरच्या मजल्यावर तीच वायर आजही आहे.

पुढची वर्षं कामात गेली. २०११ ला अण्णा गेले आणि त्यांचा हाताने फिरवायचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते बघायचं यंत्र, माझ्याकडे आला. हँडल फिरवलं की ५०० व्होल्ट, बॅटरी लागत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. २००५ च्या पुराची खूण दुकानाच्या भिंतीवर होती. तिच्यावर भरवसा ठेवून मी माल तिच्या दीड फूट वर रचला होता. वायरच्या १४० कॉइल पाण्यात गेल्या. विमा नव्हता, बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज तोंडापर्यंत भरलेलं. पाणी ओसरल्यावर कॉइल धुतल्या, तेव्हा वरून नव्यासारख्या दिसत होत्या. पण कापलेल्या टोकातून पाणी तारांच्या मधून आत चढतं. टोक चार बोटं सोललं तर तांबं काळं पडलेलं. आणखी हातभर आत सोललं, तिथेही काळंच. मी आणि माझ्या मुलाने प्रत्येक कॉइलचे कटरने तुकडे केले, कुणाला पुन्हा वापरता येऊ नये म्हणून, आणि मोडीत घातले. निम्मेही पैसे आले नाहीत.

त्याच आठवड्यात आमच्याच धंद्यातला एक जण, ज्याला अण्णांनी पक्कड धरायला शिकवलं, गावातल्या इतर दुकानांतल्या बुडालेल्या कॉइल उचलत होता. उन्हात वाळवल्या, पुसल्या आणि एका बिल्डरच्या तीन इमारतींत घातल्या. त्या इमारतींचं कोटेशन मी आधीच दिलेलं होतं. पॉइंटमागे त्याचा रेट माझ्यापेक्षा कमी, म्हणून काम त्याला गेलं. आज इतकी वर्षं झाली, तरी हे मला गिळवत नाही.

दुकान बंद करायचं जवळपास ठरलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी बोलावून घेतलं. वय ऐंशीच्या पुढे. तळमजल्याचं काम दिलं आणि न मागता सगळे पैसे आगाऊ मोजले. गावभागात लाइट नव्हती, पण अण्णांच्या मेगरला लाइट लागत नाही. मी घरोघर तो घेऊन फिरलो. काटा शून्यावर पडला की पाइपातली वायर ओढून काढायची. ज्यांची काढली, त्यातल्या बऱ्याच जणांनी नवीन वायर आमच्याकडूनच घेतली.

पुरात भिजलेले एमसीबी आणि स्विच वाळवून परत बसवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. जिन्यात आणि दवाखान्यात साधं पीव्हीसी नको, हॅलोजनविरहित वायर घ्या. पीव्हीसी जळताना काळा धूर आणि आम्लाचा वायू सोडतं, माणूस आगीआधी त्यानेच गुदमरतो. आणि चार एमएमची वायर स्विचच्या भोकात जात नाही म्हणून पोरं सात-आठ तारा छाटून टाकतात. तसं करू देऊ नका, तिथेच उभे राहून बघा. छाटली की ती चार एमएम राहिली नाही.

तीनपैकी एका इमारतीचे लोक दोन वर्षांनी माझ्याकडे आले. पावसाळ्यात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, सारखा पडत होता. मेगर लावला, काटा जवळजवळ शून्यावर. बोर्ड उघडून वायर सोलली, तांबं काळं. ते तांबं कुठून आलंय हे मला विचारावं लागलं नाही. पूर्ण इमारतीची वायर आम्ही बदलली. बिल्डर फिरकला नाही, आणि ज्याने ती घातली तो अजून बाजारात भेटला की मान वळवतो.

आता काउंटरवर वजनकाटा ठेवलाय. अडीच एमएमच्या ९० मीटर कॉइलमध्ये नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास असतं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल तर धातू किलोभरही भरत नाही. ब्लेडने खरवडलं की आतून पांढरं निघतं. वायर कुठूनही घेतलेली असो, भिंतीत घालायच्या आधी घेऊन या. वजन करून देतो, टोक सोलून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.