सुळकीची कमान धरली, आता कातडं हटून बसलंय

सुळकी म्हणजे मी बनवतेय ती, हव्या त्या पवित्र्यात वळवून ठेवता येणारी फरची बाहुली. आधी चांगली बातमी: तिच्या पाठीची कमान धरते. चारही पाय टेबलावर, पाठ वर, डोकं खाली, आणि रात्र उलटली तरी पाठ बसलेली नाही. मागच्या नोंदीतला तो फोटो ज्यांना आठवतोय (सुळकी कमी आणि घडी पडलेला पाइप जास्त), त्यांना मी एवढी का नाचतेय ते कळेल.

वाईट बातमी अशी, की सांगाड्यावर फर चढवली की तीच कमान हळूहळू उघडते. हाडांचा प्रश्न सुटला आणि कातड्याचा उभा राहिला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. सुळकी नावाचा प्राणी जगात कुठेही नाही. वीझल आणि फेरेट (लांबट अंगाचे, आखूड पायांचे छोटे शिकारी प्राणी) यांच्या अंगकाठीवरून घेतलेला, ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतीच्या डक्टमध्ये राहणारा, झुरळं-उंदरांवर जगणारा आणि एकाच घराला धरून राहणारा असा माझ्या वहीतला सोबती. आमची आजी अजूनही म्हणते, "एवढा खटाटोप करतेस तर मुंगूस कर की गं, निदान दिसलं तर शुभ तरी." 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ' म्हणत येऊरच्या पायथ्याशी लहानपणी मीही ताटकळलेय. पण मुंगूस पडलं मांजराच्या बाजूचं. वीझल, फेरेट आणि आपलं पाणमांजर हे कुत्र्या-अस्वलाच्या बाजूचं वेगळंच खानदान. आणि मला हवाय तो फेरेटचा नाच. गडी खूश झाला की पाठ वर काढून तिरक्या, उलट्या उड्या मारत सुटतो आणि तोंडाने डुक-डुक-डुक चालू. सुळकीचं सगळं व्यक्तिमत्त्व त्या एका पवित्र्यात आहे. तो जमला नाही तर ती नुसती लांबट खार.

तर कणा. फेरेटला मानेचे 7 मणके, छातीचे साधारण 15 आणि कमरेचे 5 किंवा 6. मांजराला छातीचे 13 आणि कमरेचे 7. म्हणजे फेरेटची बरगड्यांची पेटी लांबलचक, आणि कमानीचा माथा साधारण ती पेटी संपते तिथे. माझा सांगाडा पाव इंची कूलंट पाइपचा आहे, लेथवर (धातू कातायच्या मशीनवर) पाणी सोडायला वापरतात तो, मण्यांसारखे जोड एकात एक बसणारा. हॉबीच्या नावाने ऑनलाइन मिळणारा 'डॉल आर्मेचर' (बाहुलीच्या आतल्या सांगाड्याचा) पाइप आणि हा, यात मला काडीचा फरक दिसलेला नाही. फरक आहे तो किमतीत. मी वागळे इस्टेटमधल्या मशीनच्या सामानाच्या दुकानातून घेते. तिथले काका मला अजून कारखानदार समजतात.

"मॅडम, मशीन कुठलं?"

"छोटं आहे, काका."

"छोटं म्हणजे? लांबी किती?"

"चाळीस सेंटीमीटर."

"म्हणजे बेंच लेथ," असं स्वतःलाच सांगून त्यांनी गठ्ठा समोर टाकला. तिथे प्रत्येक तुकडा हाताने वळवून बघता येतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण एकाच गठ्ठ्यात काही जोड घट्ट निघतात आणि काही लुळे. ऑनलाइन घेतलं की जे नशिबात असेल ते. जोड बसवायची खास पक्कड मात्र घ्याच. अंगठ्याच्या जोरावर बसवणाऱ्या शूरांना माझा नमस्कार.

आता दुखणं काय होतं ते. पाइप सगळीकडे सारखाच कडक असला की कमान करताना जोर एकवटतो माथ्यावर. माथ्याचा जोड सगळ्यांत आधी वळतो आणि त्याची हद्द संपेपर्यंत तोच वळत राहतो. शेजारचे दोन जोड थोडेसे हलतात, बाकीचे सरळच्या सरळ. दिसतो तो उलटा व्ही. त्यात जो जोड सारखा वळतो तोच सैल पडतो, म्हणजे पुढच्या खेपेला तोच आणखी आधी वळणार. वर डोक्यात पुटीचं वजन, ढुंगणात छर्रे. सकाळपर्यंत पोट टेबलाला.

दुहेरी ॲल्युमिनियमची तार आत घालून पाहिली. कमान छान धरली, पण दोन-चार पवित्रे बदलले की तार नेमकी माथ्यापाशी थकून तुटते, आणि तुटलेलं टोक पाइपच्या आत कुठे अडकलंय ते शोधत बसायचं. सायकलची ब्रेक वायर पोटाखालून शिरेसारखी ताणून पाहिली. तीही धरते, पण मग सुळकी जन्मभर नाचतच राहणार. तिला कधीतरी आडवंही व्हायचंय.

शेवटी वहीत कण्याचं चित्र पुन्हा काढत असताना डोक्यात आलं, की माथाच सगळ्यांत कडक केला तर? म्हणजे खांद्याकडे पाव इंची, ढुंगणाकडे पाव इंची, आणि मधे, बरगड्या संपतात त्या जागी, अर्धा इंची पाइपचा तुकडा.

हे दोन पाइप एकमेकांत थेट बसत नाहीत. दोन्हींच्या पोकळीतून पितळी नळीचा तुकडा घातला आणि बाहेरून एपॉक्सी पुटीचं कडं केलं. या प्लॅस्टिकला पुटी मनापासून चिकटत नाही. वरून कडं दगडासारखं, आणि आत पाइप गरागरा फिरतोय. पॉलिशपेपरने खरवडलं, फरक शून्य. मग हँडड्रिलने पाइपला आरपार आडवं भोक पाडलं, त्यातून बारीक तार ओवली, नळीवर गुंडाळली आणि त्यावर पुटी चढवली. आता पुटीने चिकटायचीही गरज नाही, तार तिला जागा सोडू देत नाही.

आणि मग पाठ हळूच वर दाबली. आधी खांद्याकडचे जोड वळले, पाठोपाठ ढुंगणाकडचे. त्यांची हद्द आल्यावर मग नाइलाजाने मधला जाडा पाइप वळायला लागला, आणि त्याचं वळण मुळातच मोठं, त्यामुळे माथा गोल. करकर करकर असा एकेक जोड बसत गेल्याचा आवाज! मी ती कमान उगाचच बराच वेळ मोडत आणि घालत बसले होते. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय मोडतंय?" काही नाही मोडत आहे, आई. पहिल्यांदाच.

बारीकसारीक: पंजे झाले. पाचही बोटं पुढे-मागे दोन्हीकडे. मांजरासारखी मागे चार ठेवू नका, या खानदानाला मागेही पाच असतात आणि ओळखणारे लगेच ओळखतात. नख्या पॉलिमर क्लेच्या, 130 अंशांवर जुन्या ओटीजीत (घरगुती ओव्हनमध्ये) भाजलेल्या. एअर-ड्राय क्लेचं नाव जुलैत ठाण्यात काढू नये, ती वाळतच नाही. सुपरग्लूचंही काढू नये. दमट हवेत तो झटकन धरतो खरा, पण आजूबाजूला पांढुरकी धूळ बसल्यासारखी छटा सोडतो. काळ्याभोर नाकावर ती छटा म्हणजे सुळकीला कायमची सर्दी. नाक पुन्हा रंगवलं, आणि आता मिशा पावसाळ्यानंतरच.

आता कातडं.

कमान केली की पाठीची लांबी वाढते आणि पोटाची घटते. साधं आहे. पण फॉक्स फरच्या (म्हणजे नकली फरच्या) मागची वीण ताणते आडवी, आणि लव झुकते उभी. सुळकीची लव डोक्याकडून शेपटीकडे हवी, म्हणजे कापड उभं लावायचं. आणि उभं लावलं की नेमका पाठीच्या दिशेने ताण शून्य. कापड आडवं लावलं तर पाठ मस्त ताणते, पण लव एका बाजूला विंचरल्यासारखी पडते. भांग पाडलेली सुळकी. वाफेने लव वळवून पाहिली. लांब फर थोडी ऐकते, आखूड अजिबात नाही, आणि इस्त्री जरा जवळ गेली की टोकं वितळून कडक होतात, ती पुन्हा मऊ होत नाहीत.

कापडाबद्दलही बोलायलाच हवं. 'मिंक ब्राउन' म्हणून ऑनलाइन मागवलेले दोन तुकडे दोन वेगळ्या रंगांचे निघाले, आणि त्यातला एक हात फिरवला की मूठभर गळतो. परत घेणार नाही, कारण म्हणे 'कापड कापलेलं आहे'. कापड कापूनच विकतात ना, दादा? यापुढे फर मंगलदास मार्केटला जाऊन, हाताने उलटसुलट करून. लोकलची गर्दी परवडली.

तर फर पाठीवर ताठ ताणलेली, पोटाखाली चुण्यांचा गोळा, आणि दोन्ही मिळून कमान उघडताहेत. पाठीचा तुकडा कमानीच्या मापाने लांब कापला तर ती सरळ झाल्यावर जादा कापड कुठे जाणार? मानगुटीवर, असं मी ठरवलं होतं. खऱ्या फेरेटचं कातडंही सैल असतं, आई पिल्लाला मानगुटीला धरूनच उचलते. आतून इलास्टिक लावून सैल कापड तिकडे ओढून घ्यायचं, हा बेत. जांभळी नाक्यावरून बारीक इलास्टिक आणूनही ठेवलंय.

पण हे लिहिता लिहिता वहीतलं उन्हाळ्याचं पान समोर आलं आणि बेत बदलतोय.

ते पान असं. ब्राउन आणि लासिएव्स्की या दोघा संशोधकांनी 1972 मध्ये वीझलच्या अंगकाठीचा हिशोब मांडला होता. थंडीत, तेवढ्याच वजनाच्या साध्या बांध्याच्या प्राण्यापेक्षा वीझलला 50 ते 100 टक्के जास्त ऊर्जा जाळावी लागते. अंग लांब, फर आखूड, आणि गुंडाळून झोपलं तरी त्याचा चेंडू होत नाही, चपटी चकती होते. उष्णता सगळीकडून गळते. दुसऱ्या टोकाला फेरेट: हवा 30 अंशांच्या वर गेली की त्याला उष्माघाताचा धोका. म्हणजे ठाण्यातल्या मे महिन्यात फेरेटचं काही खरं नाही, पण वीझलची ती गळकी अंगकाठी इथे कामाची. म्हणून मी लिहून ठेवलं होतं: सुळकी दुपारी कडप्प्यावर पोट टेकून लांबलचक पसरते, आणि पोट व कुशी जवळजवळ बिनकेसांच्या.

मग मी पोटाला आणि कुशीला फर शिवतेच कशाला?

तिथे स्ट्रेच वेल्वेट लावायचं. चारही बाजूंनी ताणतं, लव आखूड, चुण्या पडणार नाहीत. फर उरेल ती फक्त पाठीवरचा पट्टा. आणि त्याची शिवण पोटाच्या कडेला न घेता वर, कण्याच्या उंचीवर घ्यायची, कारण कण्याच्या वरचं कापड ताणतं, खालचं आखडतं, आणि कण्याच्या रेषेवर लांबी जवळपास तेवढीच राहते. कणा पाठीला लागूनच असतो, म्हणजे त्याच्या वर ताणायला उरतं ते अगदी थोडं. तेवढं मानगुटीतून सुटलं तर इलास्टिकचीही गरज नाही. पाठीवर आयाळीसारखा लांब लवेचा पट्टा आणि खाली मखमली अंग. वहीतल्या सुळकीपेक्षा ही जास्त सुळकी वाटतेय.

रंग हळदी-केशरी, गळ्यापासून पोटापर्यंत. हा रंग निलगिरी मार्टेनच्या गळ्यावरून उचलला आहे, तो याच खानदानातला दक्षिणेचा नातेवाईक. डोंबिवली-ठाण्याकडे तो नाही, पण सह्याद्रीच्याच रांगेतला आहे, तेवढं नातं मला पुरे.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर शेपटीचंही. मी शेपूट आखूड ठेवली होती, टोक काळं. रॉजर पॉवेल या संशोधकांनी 1982 मध्ये पाळलेल्या ससाण्यांसमोर खोटे वीझल ओढून पाहिले होते. लांब शेपटीच्या टोकावर काळा ठिपका असला की पक्षी त्या ठिपक्यावर झडप घालायचे आणि चुकायचे. आखूड शेपटीवर तसा फायदा दिसला नाही, ठिपका अंगाच्या फारच जवळ येतो. ठाण्यावर घारी दिवसभर घिरट्या घालतात. सुळकी गच्चीवर जाणार असेल तर काळं टोक तरी काढा, नाहीतर शेपूट तरी वाढवा. वाढवतेय. पाव इंची पाइप उरलाच आहे, आणि लांब शेपूट कमानीच्या मागे तोलालाही बरी.

वेल्वेट कापण्याआधी एक चाचणी. जुना ताणणारा मोजा सांगाड्यावर चढवायचा, त्यावर मार्करने पाठीपासून पोटापर्यंत समांतर रेषा आणि प्रत्येकीवर सेंटीमीटरच्या खुणा. कमान घालायची आणि खुणांमधलं अंतर मोजायचं. ज्या रेषेवर अंतर बदलणार नाही तिथे शिवण. मधला पाइप जाड आहे, त्यामुळे ती रेषा माथ्यापाशी थोडी खाली सरकेल असा माझा अंदाज. तसं झालं तर पट्टा मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता निघेल, आणि तेच मला दिसायलाही आवडेल.

वेल्वेटसाठी शाळांच्या गॅदरिंगचे ड्रेस शिवणाऱ्यांकडे विचारणार आहे, त्यांच्याकडे असले भडक रंग पडून असतात. कोणाकडे हळदी रंगाचा हातभर तुकडा असेल तर कळवा. पैसे देईन, फक्त आडवा-उभा दोन्हीकडे ताणतो का ते आधी बघून सांगा.