कॉकटेल शोधायला जळगावात, भरीत खाऊन धुळ्यात

आम्ही चौघे जळगावच्या मू. जे. कॉलेजचे. एक अजून जळगावातच आहे, शाळेवर, तो मास्तर. एक सुरतेला, कापडाच्या धंद्यात. एक पुण्याच्या एका कॉकटेल बारमध्ये काउंटरच्या मागे उभा राहून दिवसभर बर्फ हलवतो, त्याला आम्ही शेकर म्हणतो. चौथा मी, अमळनेरचा, नोकरीला पुण्यात. मागच्या डिसेंबरात शेकरच्या डोक्यात आलं की आपल्या गावाकडचे बार एकदा नीट फिरून बघायचे, कुठे काय मिक्स करतात ते पाहायचं. मास्तर फोनवर एवढंच म्हणाला, "ये भो. दाखवतो तुला मिक्स."

पुण्याहून रात्रीची महाराष्ट्र एक्सप्रेस धरली की सकाळी जळगावात. सुरतवाला ताप्ती लाइनने, म्हणजे सुरत-जळगाव रेल्वेने आला. डिसेंबर-जानेवारी सोडून दुसऱ्या कुठल्या महिन्यात ही फेरी करू नका. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा थंड बिअरचा विचार बरा वाटतो खरा, पण बारपर्यंत पोहोचेस्तोवर माणसाचंच भरीत होतं. खरं भरीतही तेव्हा मिळत नाही.

शुक्रवारी रात्री बार. ज्यांनी पुण्या-मुंबईचे पब पाहिलेत त्यांनी आधीच समजून घ्यावं: इथे पब शोधू नये, इथे परमिट रूम असते. हायवेला आणि रिंग रोडकडे एसी हॉलवाली बरी हॉटेलं आहेत, पण घडण तीच. खाली किंवा पुढे 'फॅमिली', मागे किंवा वर 'परमिट'. स्वयंपाकघर एकच. बरोबर बायका-मुलं असतील तर फॅमिलीत बसा, जेवण तेच येतं, फक्त बऱ्याच ठिकाणी तिथे पेय देत नाहीत. परमिट हे नाव शोभेचं नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यापासून महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा ५ रुपयांत, वर्षाचा १००, आयुष्यभराचा १००० रुपयांत. बिअरला वय २१ पूर्ण, व्हिस्की-रमला २५. कोणी विचारत नाही म्हणून लोक काढत नाहीत, पण तपासणी आली तर तेच विचारतात. शेकरकडे आयुष्यभराचा आहे आणि तो पाकिटात आधारकार्डाच्या वर ठेवतो.

पहिल्या ठिकाणी मेन्यूकार्डात कॉकटेलचं पूर्ण पान होतं. शेकरचे डोळे चमकले. नेग्रोनी? नाही. लाँग आयलंड? "ते मालक असले की बनवतात." मालक लग्नाला गेले होते. शेवटी मोहितो आहे म्हणाले. आला तेव्हा उंच ग्लासात पांढरी रम, लिंबू सोडा, आणि वर हिरवी पानं. शेकरने एक पान चावलं, थांबला, परत चावलं. वेटर प्रामाणिक पोरगा होता: "पुदिना नव्हता भाऊ, मंग सांभार टाकला." सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, बाहेरच्यांसाठी सांगतो. गंमत अशी की शेकरने तो पूर्ण प्यायला आणि नंतर वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

दुसऱ्या ठिकाणी आम्ही शहाणे झालो होतो. क्वार्टर, सोडा, बर्फ वेगळा, आणि चकणा. या शहरात चकण्याकडे लक्ष द्या. भाजलेले शेंगदाणे कांदा-मिरची-लिंबू घालून, मसाला पापड, काकडी, आणि मागितला तर शेंगदाण्याचा ठेचा. हा ठेचा चकणा म्हणून मागवणारे आम्हीच पहिले नव्हतो, कारण वेटरने विचारलं, "तेल टाकून का बिगर तेलाचा?" तेल टाकून घ्या. बिल बघताना मात्र भान ठेवा. परमिट रूममध्ये बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त लागतं, तो त्यांचा धंदाच आहे. पण आमच्या बिलात दोन सोडे जास्तीचे आणि न मागवलेला एक पापड होता. सांगितल्यावर लगेच खोडला, वाद नाही झाला. रिकामे सोडे टेबलावरून उचलू देऊ नका, एवढा साधा उपाय आहे.

परत जाताना रिक्षा मिळायला वेळ लागला. अ‍ॅपवर विसंबू नका. जाताना ज्या रिक्षाने जाल त्याचाच नंबर घ्या आणि किती वाजता यायचं ते ठरवून टाका. मास्तरच्या घरी वहिनी जागी होती. चौघांकडे बघून म्हणाली, "तुम्ही प्यायला गेलते का पापड खायला?" उत्तर कोणाकडेच नव्हतं.

शनिवारी सकाळी पोहे, चहा, फुले मार्केटला एक चक्कर, सुरतवाल्याने बायकोसाठी सराफ बाजारात डोकावून घेतलं आणि भाव ऐकून बाहेर आला. एवढंच. खरा दिवस दुपारी चारनंतर सुरू झाला, आसोद्याच्या शिवारात, मास्तरच्या काकांच्या शेतावर. आसोदं म्हणजे बहिणाबाईंचं माहेर. गाव जळगावला अगदी लागून आहे.

भरिताबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं तुम्हाला कुठेही मिळेल. बाहेर जांभळ्या वांग्याचं, गॅसवर भाजलेलं, टोमॅटो घातलेलं जे काही करतात त्याला इथे भरीत म्हणत नाहीत. जळगावचं भरिताचं वांगं हिरवट-पांढरं, मोठं, कमी बियांचं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळ्यालाही. चातुर्मासात वांगं वर्ज्य मानणारी घरं खूप, त्यामुळे कार्तिकानंतर आणि विशेषतः चंपाषष्ठीपासून पुढे भरिताला जोर चढतो.

भाजायचं ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर. याला पर्याय नाही. काड्या भसाभसा पेटतात, आच मोठी आणि थोडा वेळ, म्हणून वांगी वरून कोळसा होतात आणि आतून लोण्यासारखी. काकांनी वीस-बावीस वांगी आगीत टाकली, काठीने उलटीपालटी केली, देठ मऊ झाला की बाहेर. मग सालं काढायची, पाणी न लावता. हे काम पाहुण्यांना देतात, बोटं भाजावीत म्हणून. सोललेला गर लाकडी बडगीत घालून मुसळाने ठेचतात. त्यात हिरव्या मिरच्या-लसणाचा भाजून ठेचलेला गोळा, मग वरून तेलात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही. मिक्सरमध्ये केलं तर ते चिकट होतं, बडगीत त्याला धागा राहतो. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत काळे उडीद दळून केलेली, आणि पुऱ्या. पुऱ्या बघून पुणेकर हसतात. हसू द्या, पुरी-भरीत खाल्ल्यावर तेच जास्त पुऱ्या मागतात.

शेकरचा खरा खेळ इथे झाला. येताना रसवंतीवरून उसाचा रस आलं-लिंबू घालून कॅनमध्ये घेतला होता, बर्फ वेगळा. पिशवीत ओल्ड मंक. निखाऱ्यात त्याने अख्खं लिंबू काळं होईपर्यंत भाजलं, कापलं, पिळलं. रम, रस, भाजलेलं लिंबू, चिमूटभर मीठ. स्टीलच्या ग्लासात. मी आजवर त्याच्या बारमध्ये महागडी नावं घेऊन जे काही प्यायलो, त्यापेक्षा हे बरं होतं, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "रस ताजा असायला पाहिजे, अर्ध्या तासात काळा पडतो." म्हणजे कौतुक सुद्धा तांत्रिक अंगाने घेतलं.

काका माळकरी. ते बडगीकडून आमच्याकडे आले तसे चारी ग्लास पायांमागे गेले. चाळिशीला आलेले बाप्ये, पण ग्लास गेले. काकांनी सुरतवाल्याचा ग्लास उचलला, वास घेतला, खाली ठेवला. "रस नासवला रे पोरांनो," एवढंच म्हणाले, आणि मग: "आधी जेवा. भरीत थंडं झालं त मजा नाही." त्यानंतर कोणी दुसरा ग्लास भरला नाही.

ज्यांच्या ओळखीत शेत नाही त्यांनी निराश होऊ नये. हंगामात जळगावात भरीत भाजून किलोवर विकणारी केंद्रं असतात. गर्दीच्या रविवारी सकाळीच सांगून ठेवा. आयत्या वेळी संपलेलं असतं. विचारायचा प्रश्न एकच: काड्यांवरचं आहे का?

रविवारी धुळे. जळगावहून एरंडोल, पारोळा करत साधारण ९० किलोमीटर. गाडी मास्तरची, चालवायला मी, म्हणून त्या दिवशी मी कोरडा. हे आदल्या रात्रीच ठरवा, सकाळी ठरवायला गेलात तर सगळ्यांचंच डोकं जड असतं. धुळ्याच्या बाहेर ढाबे आहेत, त्यांपैकी ज्याच्यापुढे ट्रकही आहेत आणि गावातल्या मोटरसायकलीही, तो धरा. ट्रक एकटे असतील तर फक्त पार्किंग मोठं असतं.

मागवायची ती शेवभाजी. सुकं खोबरं आणि कांदा काळपट भाजून, खडा मसाला घालून केलेला झणझणीत रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात जाड तिखट शेव. "शेव वेगळी द्या" असं सांगा. रस्स्यात आधीच पडलेली शेव पाच मिनिटांत लगदा होते. ताटात वरून टाकली तर अर्धी मऊ, अर्धी कुरकुरीत राहते आणि तीच वेळ खाण्याची. शेकरने रस्सा चमच्याने चाखून मसाले मोजायला सुरुवात केली, दगडफूल ओळखलं, आणि तिसऱ्या चमच्याला त्याला ठसका लागला. ढाब्यावरच्या आजोबांनी लांबूनच विचारलं, "कथाईन उनात भाऊ?" पुण्याहून म्हटल्यावर त्यांनी न मागता ताकाचा तांब्या आणून ठेवला. काळ्या मसाल्याचं मटणही घेतलं. ते चांगलं होतं, पण शेवभाजीनंतर त्याचं काही लक्षात राहिलं नाही. मागवायचं तर उलट क्रमाने मागवा.

२ ऑक्टोबर, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि निवडणुकीच्या आसपासचे दिवस बघून तारखा ठरवा, नाहीतर बार बंद सापडतील. अर्थात त्या दिवशी गेलात तरी तुमचं फारसं नुकसान होईल असं मला आता वाटत नाही. शेकर मान्य करणार नाही. आणि सातपुड्याकडे, तोरणमाळला वगैरे जाणार असाल तर मोहाच्या हातभट्टीच्या नादी लागू नका. मोहाचं झाड, त्याची फुलं, त्याभोवतीचं भिल्ल-पावरा लोकांचं जगणं हा सगळा वेगळा आणि मोठा विषय आहे. पर्यटकाला रस्त्याकडेला बाटलीत भरून जे विकतात ते काय असतं याची खात्री कोणी देत नाही.

सुरतवाल्याला नरडाण्याला गाडीत बसवलं. त्याच्याकडे रमची अर्धी बाटली उरली होती, ती त्याने फलाटावर आमच्या हवाली केली. ताप्ती लाइनवरचं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तिथून पुढे दारूबंदी, आणि पिशवीत बाटली घेऊन ती रेषा ओलांडणं म्हणजे घरच्यांना पोलीस ठाण्यात बोलावणं. परवाना इकडचा, तिकडे चालत नाही. काकांनी बांधून दिलेला भरिताचा डबा मात्र त्याने मांडीवरच ठेवला होता.

दोन-अडीच तासांनी फोटो आला. नवापूरचा फलाट, डबा उघडा आणि रिकामा. खाली लिहिलं होतं, "बॉर्डरच्या आधीच संपवलं. रिस्क नको."